शौकाची वंशावळ

औरंगाबाद शहराचा इतिहास लिहू बसणारा लेखक बहुधा मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीपासून आरंभ करतो, तेथून नहरीच्या भूमिगत नळांवर आणि पाणचक्कीवर येतो, १६५३ साली शहरास औरंगजेबाचे नाव कसे मिळाले ते सांगतो, बीबीच्या मकबऱ्याची ताजमहालाशी अपरिहार्य अशी तुलना उरकतो आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर या नावावर झालेल्या सरकारी शिक्कामोर्तबापाशी थांबतो. परंतु सुभ्याचे ठाणे म्हणून या शहरात जी माणसे आली त्यांनी फौजफाटा, दप्तरे आणि जमाबंदीचे शिरस्ते जसे बरोबर आणले तसेच आपले शौकही आणले, आणि शौकांची नोंद कोणत्याही फर्दीत होत नसल्यामुळे इतिहासलेखकाची दृष्टी तिकडे क्वचितच वळते.

कबुतरांचा शौक हा त्या सर्वांत चिवट ठरला. सरदारांचे वाडे पडले, करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही पुऱ्यांची नावे तेवढी राजपूत मनसबदारांची आठवण सांगत मागे उरली, १७६३ साली निजामाने राजधानी हैदराबादेस नेल्यावर शहराचा डामडौलही ओसरला, तरी जुन्या वस्तीतील गच्च्यांवर बांबूच्या छतऱ्या उभारून शिट्टीच्या आणि ललकारीच्या इशाऱ्यावर थवा चढवणारे नि उतरवणारे कबुतरबाज आजही दृष्टीस पडतात. आणि नराचे व मादीचे खानदान त्यांच्या बोलण्यात ज्या गांभीर्याने येते ते गांभीर्य सोयरीक जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीतही सहसा आढळत नाही.

उंच उडणाऱ्या कबुतरांचे वर्णन करण्याचा मात्र माझा हेतू नाही. मनुष्य हौसेखातर प्राण्यांची जोडी लावतो, पिलांतून स्वतःच्या डोळ्यांना रुचेल ते निवडतो, आणि त्या निवडीच्या पाठोपाठ मेंदूचा, कानाचा किंवा दृष्टीचा एखादा दोष वंशपरंपरेने पुढे उतरत राहतो, या एका गोष्टीचा मला माग काढावयाचा आहे. आणि तो माग अकबराच्या कबुतरखान्यापासून निघून, आपल्या सिद्धार्थ उद्यानातील पिंजऱ्यावरून, थेट मुंबईच्या विमानतळावर पकडल्या गेलेल्या परदेशी अजगरांपर्यंत जाऊन पोहोचतो.

अकबराच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांपैकी पाचशे ‘खासा’ म्हणून निराळी गणली जात, असे अबुल फज्ल ‘आईन-ए-अकबरी’त नमूद करतो. ज्या ग्रंथात सुभ्यांची जमा आणि मनसबदारांची वेतने लिहिली आहेत त्याच ग्रंथात खाशांपैकी एकेक पक्षी पंधरा चक्री आणि सत्तर कोलांट्या घेत असल्याचा हिशेबही लिहिला जावा, हे त्या कारभाराच्या शिस्तीस साजेसेच होते. निरनिराळ्या जातींच्या जोड्या लावून वाण सुधारण्याची रीत बादशहाने पाडली, हा त्यातला उल्लेख पुढे युरोपातील शास्त्रज्ञांना फार मोलाचा वाटला. त्याच प्रकरणात, उडण्याशी काहीही संबंध नसलेल्या एका कबुतराचे नाव येते. ते लोटन.

लोटन दिसण्यात साधे असते. त्याला हातात धरून हलवावे आणि जमिनीवर ठेवावे, की मान मागे ओढली जाते, पक्षी उलट्या कोलांट्या घेऊ लागतो आणि त्या त्याला स्वतःहून थांबवता येत नाहीत. कोणी उचलून घेऊन तोंडावर फुंकर घालून शांत करीपर्यंत तो लोळत राहतो, आणि कोणी उचललेच नाही तर तसाच लोळत मरूनही जातो. काही वाण इतके संवेदनशील असत की डोक्याला पिसाच्या लेखणीचा निसटता स्पर्शही पुरे होई, आणि अशांना कलमी लोटन म्हणत. पाहणाऱ्यांची करमणूक होई, मालकाची प्रतिष्ठा वाढे, आणि सर्वांत जास्त वेळ लोळणाऱ्या नराला सर्वांत जास्त वेळ लोळणारी मादी शोधून जोडी लावली जाई. अशा निवडीने पिढीगणिक काय साठत जाते हे सांगण्यास आनुवंशिकतेच्या शास्त्राची गरज नाही. उस्तादांना ते अनुभवाने पुरते ठाऊक होते.

त्याचे शास्त्रीय वर्णन पुढे डार्विनने केले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी वॉल्टर एलियट याने त्याला हिंदुस्थानातील कबुतरांचे नमुने पाठविले, १७७० साली वारलेल्या एका मुसलमान लेखकाचा कबुतरांवरील ग्रंथ भाषांतर करून दिला, आणि पाळीव प्राण्यांतील विविधतेवर १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विनने लोटनाला आवर्जून स्थान दिले. त्याचा निष्कर्ष असा की कोणताही मनुष्य कबुतराला कोलांटी शिकवू शकला नसता. एखाद्या पक्ष्यात मेंदूच्या विकारामुळे तशी किंचित प्रवृत्ती जन्मतः दिसली असेल, आणि माणसाने तीच हेरून वाढविली असेल. १८७३ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये मूर नावाच्या गृहस्थांनी याहून पुढचे, आज वाचताना अंगावर काटा आणणारे प्रयोग प्रसिद्ध केले. साध्या कबुतराच्या मेंदूच्या तळाशी टोचले, किंवा त्याला विषारी द्रव्ये दिली, तर त्यालाही लोटनासारखेच झटके येतात. आणि असे टोचलेले एक कबुतर पूर्ण बरे होऊनही त्यानंतर मधूनमधून कोलांट्या घेतच राहिले. याचा अर्थ लोटनाचा ‘गुण’ म्हणजे एक जन्मजात चेताविकार होता, याविषयी त्या काळीही फारशी शंका उरली नव्हती.

लोटनाच्या बाबतीत एक गोष्ट मला आजच्या शौकांहून अधिक प्रामाणिक वाटते. तेथे दोष हाच माल होता, आणि तो कोणी लपविला नाही. शिवाय, पक्ष्याला झटका आणणारा हात आणि त्यातून सोडविणारा हात एकच होता. मालक समोर उभा नसता तर खेळही झाला नसता. क्रूरता त्यात होती, नाही असे नाही, पण ती मालकाच्या डोळ्यांसमोर घडे. पुढील दोन प्रकरणांत तेवढेही उरत नाही, कारण तेथे निवड झाली ती रंगाची.

रंग आणि चेतासंस्था यांचा परस्परसंबंध सामान्य माणसाला चमत्कारिक वाटेल, परंतु निळ्या डोळ्यांची संपूर्ण पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात हे डार्विनच्याही आधीपासून लोकांना माहीत होते. गर्भावस्थेत मेंदूच्या आणि पाठकण्याच्या आद्य रूपालगत चेताशिखा म्हणून पेशींची एक ओळ तयार होते. त्यांतल्या काही पेशी स्थलांतर करून त्वचेत रंगद्रव्य निर्माण करू लागतात, काही आंतरकर्णात जातात, तर काही चेतातंतूंच्या गाठी होतात. म्हणून रंगाच्या कारखान्यात बिघाड करणारा एखादा जनुक शेजारच्या खात्यातही गोंधळ घालू शकतो. डोळ्याच्या बाबतीत वाट निराळी आहे: गर्भाच्या डोळ्यात रंगद्रव्य कमी पडले तर दृक्‌तंतू मेंदूकडे जाताना कोणत्या बाजूस वळावयाचे तेच चुकतात. पांढऱ्या वाघाची कथा या दुसऱ्या वाटेची आहे.

मे १९५१ मध्ये रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलात एका वाघिणीच्या बछड्यांपैकी पांढरा असलेला एक नर जिवंत पकडविला. तो सुमारे नऊ महिन्यांचा होता. त्याचे नाव मोहन ठेवले आणि गोविंदगडच्या वाड्यात त्याला ठेवण्यात आले. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीशी त्याची जोडी लावली, तेव्हा तीन वेतांत दहा बछडे झाले आणि दहाही पिवळे निघाले. संस्थानिकांचा हिरमोड झाला असेल, पण शास्त्राच्या दृष्टीने उत्तर तेथेच मिळाले होते, की पांढरा रंग हा अप्रभावी गुण असून तो दोन्ही बाजूंनी आल्याखेरीज प्रकट होत नाही. तो दोन्ही बाजूंनी आणण्याचा सर्वांत जवळचा मार्ग रीवाने पत्करला. मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधेशी, लावण्यात आली आणि १९५८ साली राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी अशी चार पांढरी अपत्ये जन्मली. मोहिनी १९६० साली वॉशिंग्टनला गेली, राजा आणि राणी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आले, आणि बापलेकीच्या या संबंधातून जगभरच्या पांढऱ्या वाघांची एक प्रचंड शाखा निघाली. पुढे १९८० साली ओडिशातील नंदनकानन येथे एका पिवळ्या जोडप्याच्या पोटी पांढरे बछडे जन्मले, तेव्हा दुसरा झरा सापडला. ते जोडपेही बापलेकीचे होते.

या वाघांपैकी काही तिरळे असत. आरंभी लोक त्याला एखाद्याच जनावराची खोड समजले. १९७३ साली गिलरी आणि कास या शास्त्रज्ञांनी एका पांढऱ्या वाघाच्या दृक्‌मार्गाची तपासणी करून दाखविले की, नेत्रपटलाच्या बाहेरील भागातून निघणारे जे तंतू त्याच बाजूच्या मेंदूकडे जावयास हवेत, त्यांतील पुष्कळसे ओलांडून विरुद्ध बाजूस जातात. सयामी मांजरातही गिलरींना १९६९ साली हेच आढळले होते. तेव्हा डोळा तिरळा दिसो वा न दिसो, आतील तारांची जोडणी रंगाबरोबरच बदललेली असते, आणि तिरळेपणा हा त्या बदललेल्या नकाशाशी जुळवून घेण्याचा डोळ्याचा प्रयत्न असावा. २०१३ साली चिनी संशोधकांनी मूळ कारण एका प्रथिनातील केवळ एका अमिनो आम्लाच्या फरकापर्यंत नेऊन पोहोचविले. त्यांचे म्हणणे असे की हा रंग निसर्गात अधूनमधून उद्भवणारा प्रकार आहे, आणि १९५८ पर्यंत जंगलात पूर्ण वाढलेले पांढरे वाघ मारले गेल्याचे दाखले आहेत. हे म्हणणे मला न्याय्य वाटते. रंगामुळे दृष्टीत येणारे वैगुण्य ही एक गोष्ट, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच रक्तात जोड्या लावल्यामुळे येणारी वाकडी हाडे, दुर्बळ पिले, फाटलेली टाळू ही दुसरी. पहिली रंगाची आहे, दुसरी सर्वस्वी माणसाच्या घाईची. उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांना पांढऱ्या वाघांची हेतुपूर्वक पैदास बंद करावयास लावली, ती या दोन्ही कारणांनी.

आपल्या शहरात मध्यवर्ती बसस्थानकाला लागून असलेल्या महानगरपालिकेच्या सिद्धार्थ उद्यानात पांढरा वाघ हेच मुख्य आकर्षण आहे. पैठण, वैजापूर, कन्नडकडून कामासाठी आलेला माणूस गाडीला वेळ असला की तिकीट काढून आत जातो, आणि पिवळ्या वाघासमोर जितका थांबतो त्याच्या दुप्पट पांढऱ्यासमोर थांबतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अर्पिता या पांढऱ्या वाघिणीला तीन बछडे झाले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी मंत्रिमंडळ शहरात आलेले होते, तेव्हा बछड्यांचा नामकरण सोहळा मुख्यमंत्री व इतर मंत्र्यांच्या हस्ते चिठ्ठ्या काढून झाला. ‘आदित्य’ नावाची चिठ्ठी निघाली, राज्याच्या राजकारणात त्या नावाला असलेला संदर्भ सर्वांच्या ध्यानात आला, आणि ती बाजूला ठेवून ‘कान्हा’ हे नाव मुक्रर झाले. श्रावणी, विक्रम आणि कान्हा. वृत्तपत्रांनी त्या चिठ्ठीवर कित्येक रकाने खर्ची घातले. बछड्यांच्या आज्या-पणज्या कोण, एकाच रक्ताचे किती फेरे झाले, याची चौकशी त्या रकान्यांत माझ्या वाचनात आली नाही, आणि मिटमिटा येथे उभ्या राहावयाच्या प्रशस्त प्राणिउद्यानाच्या चर्चेतही जागेचा प्रश्न जेवढा येतो तेवढा वंशावळीचा येत नाही. अकबराच्या कबुतरखान्यात, मला वाटते, तो सर्वांत आधी आला असता.

आता सापांकडे येतो. साप हा आपल्याकडे पाळीव प्राणी कधीच नव्हता. तो पकडलेला प्राणी होता. गारुडी त्याचे दात काढी, टोपलीत ठेवी, तो मेला की दुसरा धरी. बत्तीस शिराळ्यात न्यायालयाने निर्बंध घालण्यापूर्वी नागपंचमीस जिवंत नाग पकडून पुजले जात आणि मग सोडून दिले जात. गुप्तधनाच्या वेडापायी मांडुळाचे वजन करून त्याचा चोरटा व्यापार आजही चालतो. या सर्व प्रकारांत सापाची हेळसांड आहे, परंतु त्याची पैदास कोठेही नाही, आणि म्हणून त्याच्या रक्तात माणसाचा हात कधी शिरला नाही. तो हात शिरला तो अमेरिकेत, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात.

पश्चिम आफ्रिकेच्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून बॉल पायथन नावाचा, भय वाटताच अंगाचे वेटोळे करून त्यात डोके लपविणारा, बेताच्या लांबीचा निरुपद्रवी अजगर हजारोंनी निर्यात होई. १९९२ साली त्याचे रंगहीन पिलू प्रथम बंदिवासात निपजविण्यात आले आणि लोकांच्या लक्षात आले की या सापात रंगांचे व नक्षीचे असंख्य प्रकार दडलेले आहेत, ते जोड्या लावून बाहेर काढता येतात आणि पहिल्या पिलांना वाटेल ती किंमत मिळते. या प्रकारांना शौकीन मॉर्फ म्हणतात. १९९९ साली आफ्रिकेतून आलेल्या एका मादीच्या अंगावर जाड पट्ट्यांऐवजी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी होती. तिच्या पिलांपैकी जवळजवळ निम्म्यांवर ती उतरली, म्हणजे हा गुण प्रभावी ठरला, आणि ‘स्पायडर’ या नावाने तो जगभर गेला. आज कोठल्याही शौकिनाच्या पेटीत असलेला स्पायडर हा त्या एका मादीचा वंशज होय.

लवकरच पैदासकारांच्या लक्षात आले की या पिलांची मान थरथरते. काहींत ती केवळ किंचित डोलते. काहींत डोके मळसूत्रासारखे फिरत उलटे होते, भक्ष्यावर टाकलेली झेप चुकते, पाठीवर पडलेल्या सापाला पुन्हा सुलटे होता येत नाही. शौकिनांच्या बोलीत याला वॉबल म्हणतात. दोन्ही बाजूंनी हा जनुक मिळालेली पिले जिवंत निपजत नाहीत असा सार्वत्रिक अनुभव आहे. विशेष हे की थरथर नसलेला स्पायडर निवडून वेगळा वाण काढण्याचे प्रयत्न फुकट गेले: ज्याची मान स्थिर दिसते त्याच्या पिलांत ती पुन्हा जोराने हलते, कारण नक्षी आणि विकार ही एकाच जनुकाची कामे आहेत. २०२२ साली जर्मन शास्त्रज्ञ श्टार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म क्ष-किरण चित्रांवरून या सापांचा आंतरकर्ण पाहिला. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका रुंदावलेल्या आणि त्यांची टोके नीट न घडलेली, आणि गुरुत्वाची जाण देणारी लहान पिशवी आक्रसलेली व वेड्यावाकड्या आकाराची आढळली. जमीन कोणीकडे आहे हे सांगणारे इंद्रियच जन्मतः बिघडलेले होते. म्हणजे लोटनाचा आणि स्पायडरचा दोष दिसण्यात सारखा असूनही त्याची जागा सारखी नसावी. पण एकाने लोळण्यासाठी निवड केली आणि दुसऱ्याने कातडीसाठी, हा फरक मला जागेच्या फरकाहून मोठा वाटतो.

पैदासकार यावर सांगतात की साप खातो, वाढतो, अंडी घालतो, मग त्याला दुःख आहे असे कशावरून? सापाचा चेहरा दुःख दाखवीत नाही, तो ओरडत नाही, आणि ज्याला पापण्याच नाहीत त्याच्या डोळ्यांत काय वाचावयाचे? परंतु खाणे आणि विणे हेच सुखाचे प्रमाण मानावयाचे, तर लोटनही दाणे टिपत होते आणि पिले देत होते.

हे प्रकरण दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याची सोय आता उरलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून मुंबईस उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडविलेले अकरा साप हस्तगत केले, आणि त्यांपैकी नऊ बॉल पायथन होते. एतद्देशीय साप बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. परदेशी जातींचे मात्र दीर्घकाळ कोणतेही दप्तर नव्हते. २०२० साली केंद्र सरकारने सहा महिन्यांची मुदत देऊन, जे कोणी असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करतील त्यांच्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत अशी सवलत दिली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या याद्या कायद्यात आल्या. आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. या याद्या जातीच्या नावाने चालतात. निरोगी मानेचा साधा बॉल पायथन आणि पेटीच्या कोपऱ्यात उलटा पडलेला स्पायडर हे दोघे एकाच परिशिष्टात, एकाच नावाखाली बसतात, आणि वाणाविषयी विचारण्याचे प्रयोजन कायद्याला पडलेले नाही.

वास्तविक तिन्ही शौकांत निस्तरण्यास सर्वांत सोपा हाच आहे. पांढऱ्या वाघाचा जनुक पिवळ्या कातडीखाली पिढ्यान्‌पिढ्या दडून राहू शकतो, त्यामुळे पैदास थांबविली तरी तो कोणत्या पिंजऱ्यात आहे हे नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. लोटनाची प्रवृत्ती साध्या कबुतरांत मिसळून पुन्हा कोठे तरी डोके वर काढील. स्पायडरचा वाहक आपली खूण अंगावर वागवतो, न दिसता तो पुढे जाऊच शकत नाही, आणि शौकिनांनी एकमताने जोड्या लावणे सोडले तर तो वाण आज पेट्यांत असलेल्या सापांच्या आयुष्याबरोबर, म्हणजे वीस-तीस वर्षांत, संपून जाईल.